तुम्ही विचारलंत म्हणून: डेव्हिडसनमधला करी

मुलांना बास्केटबॉलला घालणारे पालक आणि नव्याने शिकवायला लागलेले कोच एक प्रश्न हमखास विचारतात. एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये गाजलेल्या स्टेफन करीला मोठ्या कॉलेजांनी घेतलंच नव्हतं, मग डेव्हिडसन या छोट्या कॉलेजातल्या तीन वर्षांत असं काय झालं? नेम चांगला होता, एवढंच का?

नेम होताच. पण नेम चांगला असलेली पोरं अमेरिकेच्या प्रत्येक कॉलेजात सापडतात. करी वेगळा ठरला तो हातात चेंडू नसताना केलेल्या कामामुळे. पहिली दोन वर्षं तो मुख्यतः चेंडूशिवाय खेळला, आणि त्याच्या घडणीतला हाच भाग बघणाऱ्यांच्या नजरेतून सुटतो.

सुरुवात शाळेपासून करावी लागेल. शार्लट शहरातल्या शाळेत असताना त्याची उंची जेमतेम सहा फूट आणि वजन 70 किलोंच्या आसपास. ताकद कमी, म्हणून तो चेंडू कमरेच्या बाजूने उचलून फेकायचा. असा शॉट जातो, पण वेळ खातो. चेंडूला कमरेपासून वर यायला लांबचा रस्ता पडतो आणि तेवढ्यात डिफेंडरचा हात मध्ये येतो. वडील डेल करी स्वतः एनबीएतले नावाजलेले शूटर. शाळेची शेवटची दोन वर्षं सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात त्यांनी ही पद्धत मोडली आणि चेंडू डोक्याच्या वरून सोडायला शिकवलं. अशा बदलात आधी सगळं बिघडतं. खांद्याला नवी हालचाल पेलत नाही, लांबून चेंडू रिंगपर्यंत पोचत नाही. म्हणून रिंगजवळून सुरुवात करून हळूहळू मागे सरकावं लागतं. तुमच्या मुलाचा शॉट बदलायचा असेल तर तो मोसम संपल्यावरच बदला. चालू स्पर्धेत दडपण आलं की हात जुन्या सवयीवर जातो, आणि मग ना जुना शॉट राहतो ना नवा येतो.

वडील डेल आणि आई सोन्या, दोघंही व्हर्जिनिया टेकचे खेळाडू, तो बास्केटबॉलचा आणि ती व्हॉलीबॉलची. त्या कॉलेजने मुलाला शिष्यवृत्तीशिवाय संघात येण्याची तयारी दाखवली, बस. डेव्हिडसनचे कोच बॉब मॅकिलप यांनी मात्र त्याला मनापासून हवा म्हणून घेतला. शार्लटच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवरचं हे कॉलेज, विद्यार्थी तेव्हा सुमारे 1,700.

नोव्हेंबर 2006 मधल्या पहिल्याच मॅचमध्ये ईस्टर्न मिशिगनविरुद्ध त्याने 15 गुण केले आणि 13 वेळा चेंडू विरोधकांच्या हाती घालवला. तेरा! बहुतेक कोच अशा पोराला बेंचवर बसवतात. मॅकिलपनी त्याला खेळत ठेवलं आणि डेव्हिडसन मागे पडूनही जिंकलं. पुढच्याच मॅचमध्ये मिशिगनविरुद्ध त्याने 32 गुण केले. माझ्या मते त्या तीन वर्षांतला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच होता. चूक झाल्याझाल्या बाहेर काढलेला गार्ड (चेंडू खेळवणारा, बाहेरून मारणारा खेळाडू) पुढच्या वेळी जपून पास देतो, आणि जपून दिलेला पास उशिरा जातो. तो मोसम संपला तेव्हा करीची सरासरी मॅचला 21.5 गुण होती. देशभरच्या पहिल्या वर्षाच्या खेळाडूंमध्ये त्याच्या पुढे एकटा टेक्ससचा केविन ड्युरंट. थ्री, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारलेले तीन गुणांचे शॉट, 122, तेव्हाच्या पहिल्या वर्षाच्या खेळाडूंमध्ये विक्रमी.

आता मूळ मुद्दा. दुसऱ्या वर्षी चेंडू जेसन रिचर्ड्सच्या हातात असायचा. 2007-08 मध्ये असिस्टच्या, म्हणजे ज्यावर लगेच गुण होतो अशा पासच्या, सरासरीत रिचर्ड्स देशात पहिला होता. करीचं काम स्क्रीनभोवती, म्हणजे डिफेंडरची वाट अडवून स्थिर उभ्या राहिलेल्या सहकाऱ्याभोवती, पळून मोकळं होणं. ते नीट बघायचं तर टीव्हीवर चेंडूवरची नजर काढा आणि करीच्या पायांवर ठेवा.

आधी तो डिफेंडरला दोन-तीन पावलं रिंगकडे नेतो, चालत, घाई न करता. सहकारी स्क्रीनला येऊन पूर्ण उभा राहीपर्यंत थांबतो. मग एकदम वेग. स्क्रीन लावणाऱ्याच्या कमरेला आपला खांदा घासेल इतक्या जवळून जातो. तिथून पुढे काय करायचं हे डिफेंडर ठरवतो, करी फक्त वाचतो. डिफेंडर पाठीमागून पळत आला, तर वळसा घालून रिंगकडे. तो स्क्रीनच्या पलीकडून आडवा घुसून वाट अडवायला गेला, तर उलट दिशेने कोपऱ्याकडे. स्क्रीनमध्ये अडकला, तर सरळ बाहेर थ्रीच्या रेषेवर. पाय चेंडू येण्याआधी वाकलेले, हात तयार. ताठ उभं राहून चेंडू घेतला की आधी गुडघे वाकवावे लागतात, आणि तेवढा वेळ डिफेंडरला पुरतो.

आपल्याकडची मुलं इथे दोन ठिकाणी चुकतात. एक, स्क्रीन लागायच्या आधीच निघतात. मग स्क्रीन लावणारा त्यांना गाठायला सरकतो आणि फाऊल त्याच्या नावावर लागतो. दोन, लांबून वळसा घेतात. मधल्या फटीतून डिफेंडर आरामात निघून जातो आणि सगळं पळणं वाया. पास देणाऱ्याचाही यात वाटा असतो. शूटर स्क्रीनला पार करत असतानाच चेंडू सुटायला हवा. तो मोकळा झालेला दिसल्यावर दिलेला पास उशिराचा. रिचर्ड्सचं मोठेपण इथे होतं, आणि करीच्या आकड्यांत त्याचा वाटा धरायलाच हवा.

त्या मोसमाची सुरुवात वाईट होती. नॉर्थ कॅरोलायना, ड्यूक, यूसीएलए, सगळ्यांकडून हार. पण मॅकिलपनी बलाढ्य संघांशी मॅचेस मुद्दाम घेतल्या होत्या, आणि मार्चमध्ये ते कामाला आलं. राष्ट्रीय स्पर्धेत दहावं मानांकन असलेल्या डेव्हिडसनने गॉन्झागाला 82-76 हरवलं. करीचे 40 गुण, त्यातले 30 दुसऱ्या हाफमध्ये, थ्री 10 पैकी 8. मग जॉर्जटाऊनविरुद्ध 17 गुणांची पिछाडी भरून काढत 74-70, करी 30. विस्कॉन्सिनविरुद्ध 73-56, करी 33. उपांत्यपूर्व फेरीत कॅन्सस. तिथे लांब हातांचे, ताज्या दमाचे गार्ड आळीपाळीने त्याच्या मागे लागले आणि स्क्रीन लागली की कोणी कोणाला अडवायचं याची अदलाबदल करत राहिले. करीला 25 शॉट घ्यावे लागले, त्यातले 9 गेले. शेवटच्या क्षणी तो मोकळा होऊ शकला नाही, पास रिचर्ड्सला गेला, त्याचा लांबचा थ्री हुकला. कॅन्सस 59-57 ने विजयी. पुढे विजेतेपद कॅन्ससनेच घेतलं. करीचे त्या मोसमातले 162 थ्री तेव्हा कॉलेज बास्केटबॉलमधला विक्रम होता.

तिसऱ्या वर्षी रिचर्ड्स शिक्षण पूर्ण करून गेला आणि चेंडू आणायचं काम करीकडे आलं. सरासरी 28.6, देशात अव्वल. असिस्ट 2.9 वरून 5.6 वर. पण थ्रीची टक्केवारी 43.9 वरून 38.7 वर घसरली. एक कारण म्हणजे त्याच वर्षी कॉलेजची थ्रीची रेषा 19 फूट 9 इंचांवरून 20 फूट 9 इंचांवर गेली. पण ड्रिबल करत (चेंडू आपटत) स्वतः तयार केलेला शॉट स्क्रीनमधून मिळालेल्या शॉटपेक्षा अवघड असतो, हे कारण मला जास्त मोठं वाटतं. आपल्याकडे फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमांनुसार रेषा 6.75 मीटरवर असते, म्हणजे त्या नव्या रेषेच्याही सुमारे 40 सेंटिमीटर मागे. चौदा वर्षांच्या मुलाला तिथून करीसारखं ड्रिबलवरून मारायला लावू नका. खांदा ओढला जातो आणि चेंडू परत कमरेशी येतो.

याच वर्षी लोयोला मेरीलँडच्या कोचने करीवर पूर्ण वेळ दोन माणसं लावली. करी कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. उरलेले चौघं तिघांविरुद्ध खेळले. करीचे शॉट तीन, गुण शून्य, डेव्हिडसन 78-48 ने विजयी. देशात सर्वाधिक गुण करणाऱ्या पोराने अख्खी मॅच कोपऱ्यात काढावी आणि एकदाही हट्टाने शॉट मारू नये, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

2009 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या निवडीत, करीचं नाव सातवं आलं. मिनेसोटाने पाचव्या आणि सहाव्या क्रमांकावर सलग दोन गार्ड घेतले, रिकी रुबिओ आणि जॉनी फ्लिन. त्यानंतर गोल्डन स्टेटने करीला उचललं.

मुलांना दाखवायचं असेल तर 2008 च्या गॉन्झागा मॅचचा दुसरा हाफ दाखवा. पहिल्यांदा नुसता बघू द्या. दुसऱ्यांदा चेंडू करीकडे येण्याच्या पाच सेकंद आधी थांबवा आणि विचारा: डिफेंडर कुठून येतोय, आता करी कुठे जाईल?