बाल्कनीची जाळी आणि सोसायटीची परवानगी : माझा अनुभव

२०१९ च्या महापुरानंतर आम्ही सांगलीच्या गावभागातील तळमजला सोडून विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. पुढे मुलगी आधार धरून उभी राहू लागली, तेव्हा घर तिच्यासाठी सुरक्षित करायचे ठरवले. खणांना कड्या बसवणे, कपाटे भिंतीला आवळणे ही कामे सुताराने विनातक्रार करून दिली.

सारे अडले ते बाल्कनीपाशी. कठड्याचे गज आडवे होते, म्हणजे मुलाला चढायला आयती शिडीच. उभ्या गजांची, दोन गजांत १० सेंटीमीटरपेक्षा कमी अंतर असलेली जाळी बसवण्यासाठी मी सोसायटीकडे अर्ज केला. इमारतीचे बाह्यरूप बिघडेल, हे पहिले उत्तर. मग बिल्डरचे पत्र मागितले. बिल्डर म्हणाला की, इमारत आता सोसायटीच्या ताब्यात आहे. त्यानंतर विषय सभेत ठेवू असे ठरले आणि ती सभा आधी गणपतीनंतर, मग दिवाळीनंतर, अशी ढकलली गेली. "आमचीही मुले अशीच वाढली, काही झाले नाही," असे एका ज्येष्ठ सभासदांनी ऐकवले, तेव्हा मला फार संताप आला. ज्यांनी बाल्कन्या पत्रे ठोकून बंद केल्या होत्या, त्यांना कोणी कधी अर्ज मागितला नव्हता. तोवर आमच्या बाल्कनीचे दार वरच्या कडीने बंद आणि धुणे खोलीत वाळत होते.

शेवटी, जाळी कठड्याच्या आतल्या बाजूने, आमच्याच जागेत बसेल, असे मोजमापांसह लिहून दिले आणि लेखी उत्तर मागितले. मग मात्र परवानगी लगेच मिळाली. अर्जाची पोच पहिल्याच दिवशी घ्यावी, कारण मधल्या काळात अर्ज मिळालाच नाही, असेही सांगण्यात आले होते.

जाळीला आतून उघडणारी खिडकी ठेवावी आणि तिची किल्ली मोठ्यांच्या हाताशी, पण उंचावर टांगावी. आग लागली तर तीच वाट उरते. डासांची जाळी मुलाचा भार पेलत नाही, तिच्यावर विसंबू नये. कठड्यालगत कुंडी किंवा स्टूल ठेवू नये. विजेचे सांगायचे राहिले : एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) वायरिंग जपतो, माणसाला धक्क्यापासून वाचवण्यासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) लागतो. न्हाणीघरातील बादल्या वापरानंतर रिकाम्या कराव्यात आणि पाणी साठवलेल्या पिंपाला घट्ट झाकण असावे, कारण रांगते मूल काही सेंटीमीटर पाण्यातही बुडू शकते. या कामांना कोणाचीही परवानगी लागत नाही. ती आजच करावीत.