आतून लागणारी कडी

संगमेश्वरकडच्या एका वाडीत सध्या एका जुन्या घराचं काम घेतलंय. मालक मुंबईला, घर उघडणार ते गणपतीत, बाकी वर्षभर कुलूप. जांभ्याच्या भिंती एकदम ठणठणीत, पण कौलाखालचे वासे वाळवीने पार पोखरलेले. एका संस्थेने हे घर लांबच्या कराराने भाड्याने घेतलंय, मालकाची अट एकच, गणपती ह्याच घरात बसणार. राहायला येणार पाच बायका. मानसिक आजारातून बऱ्या झालेल्या, पण घरचे न्यायला येत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं रुग्णालयातच राहिलेल्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, कलम १९ मध्ये, स्पष्ट म्हटलंय की घर नाही किंवा घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणावरून कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. पण मग जायचं कुठे? चेन्नईच्या 'द बनियन' ह्या संस्थेने २०१५ मध्ये 'होम अगेन' सुरू केलं, चार-पाच जणींनी वस्तीतल्या साध्या घरात एकत्र राहायचं आणि मदतीला एक ताई. आमचं कामही त्याच धर्तीवर चाललंय.

परवा त्या पाच जणी घर बघायला आल्या. पडवीसमोर रॅम्पचं शटरिंग लागलेलं, जोतं फूटभर उंच म्हणून उतार बारा फूट घ्यावा लागतो, नाहीतर व्हीलचेअर चढत नाही. मी ते समजावत होतो पण त्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशी थेट न्हाणीघरात गेल्या, दार लावलं, उघडलं, परत लावलं. मला वाटलं बिजागरी अडकते की काय, तर बाहेर येऊन म्हणाल्या, "आतून कडी लागेल ना हो?"

सोबतच्या ताई हळूच म्हणाल्या, इतकी वर्षं ह्यांच्या दाराला आतून कडी नव्हती.

मला एकदम भरून आलं. तिथे आतून लागणारं पण अडीअडचणीला बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येणारं लॉक बसवायचं ठरलंय, ते मी त्यांच्या हातात देऊन दाखवलं. त्यांनी स्वतः नाणं मागितलं आणि चालवून बघितलं.

तेवढ्यात शेजारचे काका आले, चेहरा कडक, "आमच्याकडे लहान पोरं आहेत" वगैरे सुरू. तर दुसऱ्या एक जण परसातल्या फणसाकडे बघून त्यांनाच विचारतात, "कापा की बरका?" काका म्हणाले बरका, मग गेल्या वर्षी किती लागले, माकडांनी किती नासवले, सगळं सांगत बसले. विरोध गेला असं अजिबात नाही, वाडीची मीटिंग व्हायचीय अजून आणि त्यात मी बोलणार आहे, कारण आपल्या कोकणात इतकी घरं बंद पडून आहेत आणि माणसं अशी घरावाचून, हे मला खरंच बघवत नाही.

संध्याकाळी सुताराला पाच कपाटं सांगितली, प्रत्येकीचं वेगळं, किल्ली जिची तिच्याकडे. तो म्हणाला, मास्टर की करू का एक? म्हटलं, नको.