मॉरिशस दोघांसाठी: मुक्काम रिसॉर्टवर, दुपारचं जेवण गावात

मॉरिशसची सहल ठरवताना बहुतेक जोडपी आधी रिसॉर्टचे फोटो बघतात. आमचा सल्ला आहे की आधी महिना बघा, मग किनारा ठरवा आणि रिसॉर्ट सगळ्यात शेवटी. मे ते ऑक्टोबर हा तिथला हिवाळा. या दिवसांत आग्नेयेकडून वारे सतत वाहतात आणि बेल मारसारखा पूर्व किनारा त्या वाऱ्याच्या थेट तोंडावर येतो. फोटोतलं आरशासारखं पाणी बघून जुलैत तिथलं बुकिंग केलं की खोली उत्तम मिळते, पण संध्याकाळी वाळूवर बसवत नाही. त्या महिन्यांत पश्चिमेकडचं फ्लिक-आं-फ्लाक किंवा उत्तरेकडचं त्रू-ओ-बिश घ्यावं. मधल्या डोंगरांमुळे पश्चिमेला वारा अडतो, शिवाय सूर्यास्त समुद्रात दिसतो. नोव्हेंबर-डिसेंबरच्या उकाड्यात मात्र पूर्वेचा तोच वारा सुखाचा वाटतो. जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे महिने. तेव्हा जायचंच असेल तर तारीख बदलता येईल असंच बुकिंग करा.

आता जेवणाच्या योजनेविषयी. पॅकेज विकणारे ‘ऑल इन्क्लुसिव्ह’चा, म्हणजे सगळी जेवणं आणि पेयं धरलेल्या योजनेचा आग्रह धरतात. दिवसभर पोहण्याच्या तलावाकाठी पेयं घेत बसायचं असेल तर ती योजना परवडते. पण मॉरिशसचं खाणं हॉटेलच्या बुफेत नाही, बाजारात आणि रस्त्याकडेच्या गाड्यांवर आहे, आणि ते दुपारी दोन-अडीचपर्यंत संपतं. दुपारच्या जेवणाचे पैसे आधीच भरलेले असले की माणूस बाहेर पडत नाही. म्हणून हाफ बोर्ड घ्या, म्हणजे सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण. हाफ बोर्डात पेयं बहुतेक ठिकाणी धरलेली नसतात, कधीकधी टेबलावरचं बाटलीबंद पाणीही नाही. हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर तेही तेव्हाच लेखी कळवावं. नवविवाहितांसाठी सवलत असते, लग्नाच्या वाढदिवसालाही बऱ्याच ठिकाणी मिळते, पण ती बुकिंग करतानाच मागावी लागते आणि लग्नाच्या दाखल्याची प्रत लागते. तिथे पोचल्यावर मागितली तर बहुधा फक्त केक मिळतो!

दुपारी खायचं काय, तर सगळ्यात आधी धॉल पुरी. मऊ, पातळ, पिवळसर पोळी आणि आत डाळीचं कोरडं सारण. विक्रेता झाकलेल्या डब्यातून दोन पुऱ्या काढतो (ती जोडीनेच विकली जाते), त्यावर डबल बीची दाट आमटी, टोमॅटोचा रुगाय (दाट रस्सा) आणि कोथिंबिरीची चटणी पसरतो, गुंडाळी करतो आणि कागदात बांधून हातात देतो. मिरची किती, हे तो आधी विचारतो. नको असेल तर ‘सां पिमां’ म्हणावं. शाकाहारींनी ‘सां लाव्यान, सां प्वासों’ हेही पाठ करून ठेवावं: मांस नको, मासे नकोत. रुगायमध्ये कधी खारवलेली मासळी असते, म्हणून पुरीवर काय घालताय ते विचाराच.

पुरणपोळी जमणाऱ्या घरात धॉल पुरी सहज होते. पाव किलो हरभरा डाळ चार तास भिजवून हळद-मीठ घालून शिजवा, पण पुरणासारखी मऊ नको. दाणा बोटांत दाबला की तुटावा, त्याचा लगदा होऊ नये. कट पूर्ण निथळून बाजूला ठेवा. डाळ गार झाली की भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून कोरडी, भुरभुरीत वाटा. अर्धा किलो मैदा त्याच कोमट कटात दोन-तीन चमचे तेल घालून सैल भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. मग सारण भरून पातळ लाटा आणि तव्यावर तेलाचा हात फिरवून भाजा, डाग पडू देऊ नका. पुरी फाटते ती बहुतेक वेळा सारण ओलं राहिल्यामुळे. भाजल्यावर लगेच एकावर एक रचून झाकल्या नाहीत तर कडा वाळतात आणि गुंडाळताना तुटतात.

सकाळच्या भुकेला गातो पिमां, म्हणजे आपले डाळवडेच. तिथे ते लोणी लावलेल्या पावात घालून खातात. सोबत आलुदा: थंड दूध, सब्जा, अगर-अगरचे तुकडे आणि सरबत. मासे खाणाऱ्यांनी मोहरी-हळद-व्हिनेगरमधला व्हिंदाय आणि ऑक्टोपसची करी चुकवू नये. किनाऱ्यावर छोटा अननस नागमोडी कापून मीठ-मिरची लावून देतात; समुद्रातून बाहेर आल्यावर त्याइतकं गोड काही लागत नाही.

राजधानी पोर्ट लुईला एक सकाळ द्या. साडेनऊच्या आत पोचलात तर गर्दी आणि ऊन दोन्ही टळतं. आधी आप्रवासी घाट बघा (रविवारी बंद), मग चालत सेंट्रल मार्केट. १८३४ पासून भारतातून करारावर आलेले मजूर या बंदरात उतरले. घाटाची वास्तू १८४९ पासूनची आहे आणि २००६ पासून जागतिक वारशात. बोटीतून उतरलेली माणसं ज्या दगडी पायऱ्या चढली, त्या अजून आहेत. त्यांत मुंबई बंदरातून निघालेली, कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांची वस्ती पश्चिमेला कास्काव्हेल आणि मधल्या पठारावरच्या वाकोआ भागात झाली. शाळांत मराठी आजही शिकवलं जातं, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि त्या दिवसांत तिथे जाखडी नाचतात. पाच-सहा पिढ्यांनंतरही हे टिकलंय, म्हणून कुणी मराठी आडनाव सांगितलं तर दोन मिनिटं थांबून बोला. घरात क्रिओल (तिथली रोजची बोली) बोलणाऱ्याला मराठी अडखळत येईल, पण आरती पाठ असते.

दुसरी मोठी फेरी नैऋत्येची: गंगा तलाव, शामारेलची सातरंगी माती, मग ल मोर्नचा किनारा. याच क्रमाने जा, म्हणजे दुपार उतरताना समुद्रावर पोचाल. गंगा तलाव साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. किनाऱ्यावर ऊन असताना वर धुकं आणि पाऊस असू शकतो, म्हणून पातळ जाकीट गाडीत ठेवा. टॅक्सीवाला मीटरवर चालत नाही, दिवसभराचा भाव आणि ठिकाणं निघण्याआधी ठरवा. दुकानात जायचं नसेल तर तसं आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर दीड तास तिथेच जातो.

सेगा या तिथल्या लोकनृत्याचा कार्यक्रम रिसॉर्टवर आठवड्यातून एकदा तरी असतो. नर्तकींच्या झग्यांकडे सगळे बघतात, तुम्ही थोडं लवकर जाऊन वादकांकडे बघा. रावान हा बकऱ्याच्या कातड्याचा मोठा डफ. दमट हवेत कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो, म्हणून वाजवण्याआधी तो शेकोटीजवळ धरतात, बोटाने टिचकी मारून बघतात आणि सूर चढला की मागे घेतात. पारंपरिक सेगा २०१४ साली युनेस्कोच्या यादीत आला. त्यात पाय जमिनीवरून उचलत नाहीत, वाळूतून सरकवतात. तुम्हाला नाचायला ओढलं तर एवढंच करा.

पाण्यात उतरताना रबरी बूट घाला. प्रवाळाच्या कड्याआतलं पाणी शांत असतं, पण तळाशी समुद्री साळू आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासा असतो. कड्याला जिथे खिंड आहे तिथे ओढ जोरात असते. दक्षिणेच्या ग्रि-ग्रिला प्रवाळाचं कडंच नाही, तिथे फक्त बघायला जा.

भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग हाताशी ठेवा आणि आगमनाचा ऑनलाइन फॉर्म भरून निघा. प्लग बहुतेक ठिकाणी ब्रिटिश पद्धतीचे तीन चौकोनी पिनांचे आहेत. यूपीआय फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झालंय, तरी पुरीच्या गाडीवर सुटे रोख पैसेच द्या. येताना व्हॅनिला चहा आणि तिथली कच्ची साखर आणा. वाळूत सापडलेलं प्रवाळ किंवा शंख बॅगेत घालू नका. ते देशाबाहेर नेण्यावर बंदी आहे आणि विमानतळावर काढून घेतात.