पोराला रात्री तालमीला कशाला नेतेस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, तसा हा प्रश्न मला ऑफिसात, लग्नकार्यात, मासळी बाजारातसुद्धा विचारून झालाय. एवढ्याशा पोराला रात्री नाटकाच्या तालमीला नेतेस, त्याच्या झोपेचं काय?

आमचा गाव गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला. देवळाच्या जत्रेला गावच्याच लोकांनी मराठी नाटक बसवायचं ही इकडची जुनी रीत. पूर्वी बायकांचे पार्ट पण पुरुषच करायचे, आता आम्हा बायकांचं नाटक वेगळं असतं. नवऱ्याची वेर्ण्याला सेकंड शिफ्ट, सासूबाई नऊला आडव्या होतात, म्हणून पोर माझ्यासोबत. पण खरं सांगू, घरी सोय असती तरी मी नेलंच असतं.

कारण तिथे त्याला आईला ओरडा बसताना बघायला मिळतं! परवा मास्तरांनी एकच वाक्य माझ्याकडून इतक्यांदा म्हणून घेतलं की प्रॉम्प्टरसुद्धा कंटाळला, आणि हा सभामंडपाच्या खांबाला टेकून चणे खात खुशाल हसत होता. बँकेतल्या मॅडम, अंगणवाडीची बाई, सगळ्यांना तिथे सारखाच ओरडा, आणि कोणी रुसून घरी जात नाही, परत पहिल्यापासून सुरू. हे त्याला कुठल्या रीलमध्ये दिसणार? शाळेत इंग्लिश, घरात कोंकणी, मराठी एवढी भरभरून कानावर पडते ती तिथेच.

आता झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत 9 ते 12 तास झोप हवी असं डॉक्टर सांगतात. त्याची शाळा दीडला सुटते, शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, जेवला की पोर ढाराढूर, नाहीतरी दुपारी अर्ध्या गोव्याची शटरं खालीच असतात. साडेदहाला मी उठतेच, तालीम संपो न संपो. परीक्षा असली, ताप असला की नेत नाही. जत्रेच्या रात्री मात्र पालखी झाल्यावर नाटक उभं राहतं, ते कधी संपेल देव जाणे, दुसऱ्या दिवशी शाळेला सरळ दांडी. वर्षातून एकदा होणाऱ्या त्या जागरणापेक्षा मला उशाकडचा मोबाईल जास्त भिववतो, तो बारा महिने जागवतो.

आणि माझं म्हणाल तर दिवसभर काउंटरवर लोकांची बोलणी गोड हसून ऐकल्यावर रात्री दोन तास सुनेला छळणारी खाष्ट सासू व्हायला जे बरं वाटतं ना, विचारू नका. आमच्या सासूबाई पहिल्या रांगेत बसून सगळ्यात जास्त टाळ्या वाजवतात, बायांना सांगतात, माझ्याकडूनच शिकली.

तुम्ही पण नेणार असाल तर चटई, स्वेटर आणि ओडोमॉस घ्या. पौषात देवळाची फरशी जाम गार लागते आणि डास काही नाटक बघायला येत नाहीत.