पुणे–आंबोली–पणजी डबलसीट : २२०, ३५० की ६५०?

गाड्या तीन (२२०, ३५० आणि ६५० सीसीच्या), माणसं सहा, महिना डिसेंबर. पुण्याहून राष्ट्रीय महामार्ग ४८ धरून सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, निपाणी. तिथून उत्तूर-आजऱ्यावरून आंबोली, खाली सावंतवाडी, मग बांदा-पत्रादेवीवरून गोव्यात. एकूण साधारण ४५० किलोमीटर. तिन्ही गाड्या क्रूझर, म्हणजे सीट खाली आणि पाय पुढे ताणून बसायच्या, तिन्हींवर सगळा वेळ डबलसीट, आणि दर थांब्यावर मागची माणसं गाड्या बदलत गेली. जोडीने लांब फिरायचं तर केवढी गाडी घ्यावी, एवढ्याच प्रश्नापुरता हा वृत्तांत. मिसळीचे फोटो यात नाहीत.

आधी कागद. उदाहरणं बाजारातलीच घेऊ. बजाज ॲव्हेंजर २२०: १९ अश्वशक्ती, १७.५ न्यूटन-मीटर टॉर्क (इंजिनाचा पिळण्याचा जोर), वजन १६३ किलो. रॉयल एन्फिल्ड मेटिऑर ३५०: २०.४ अश्वशक्ती, २७ न्यूटन-मीटर, १९१ किलो. सुपर मेटिऑर ६५०: ४७ अश्वशक्ती, ५२.३ न्यूटन-मीटर, २४१ किलो. आता त्यावर दोन माणसं, हेल्मेट, जॅकेट मिळून १४० किलो आणि सामान १५ किलो चढवा. दर १०० किलोमागे २२० ला ६ अश्वशक्ती येते, ३५० ला ५.९ आणि ६५० ला जवळजवळ १२. म्हणजे २२० वरून ३५० वर गेलं की ताकद वाढते हा समज वजनाच्या काट्यावर टिकत नाही. वाढतो तो टॉर्क, आणि तो मिळतो कुठे हे महत्त्वाचं. ३५० चा पूर्ण टॉर्क इंजिनाच्या मिनिटाला ४००० फेऱ्यांना हजर असतो, २२० ला त्यासाठी ७००० पर्यंत पिळावं लागतं. एकटं चालवताना हे कळतही नाही. मागे माणूस बसला की पहिल्या चढालाच कळतं.

तो पहिला खरा चढ म्हणजे खंबाटकी. पुण्याहून जाताना आम्हाला घाट चढावा लागला, येताना बोगदा. चढावर लादलेले ट्रक २०-२५ ने रांगत असतात, त्यांच्या मागे अडकलं की वेग पूर्ण मरतो आणि तिथूनच गाडी परत उचलावी लागते. २२० इथे दुसऱ्या गिअरमध्ये येते, आणि तिसरा टाकायची घाई केली की इंजिन ठोके खाल्ल्यासारखं आचके देतं. उपाय साधा आहे, दुसऱ्यातच फेऱ्या चढू द्यायच्या, आवाजाला घाबरायचं नाही. ३५० तिसऱ्यात बिनतक्रार ओढते. ६५० ला गिअरचा विचारच करावा लागत नाही. तिचा त्रास वेगळा आहे, तो पुढे.

खंबाटकी उतरल्यावर कऱ्हाड-कोल्हापूरपर्यंत रस्ता मोठा आणि बहुतेक सपाट. सहापदरीकरणाच्या कामाचे टप्पे आणि डायव्हर्जन मात्र धरून चाला, त्यातल्या खडीवर डबलसीट गाडी पुढच्या ब्रेकने थांबवू नका. या टप्प्यात एक हिशोब डोक्यात ठेवण्यासारखा आहे. हवेचा अडथळा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. डबलसीट क्रूझरला ८० च्या वेगाला चाकावर अंदाजे ८ अश्वशक्ती पुरते, १०० ला १४ च्या आसपास लागते. ३५० चं इंजिन चाकापर्यंत फार तर १७-१८ पोचवतं. म्हणजे ८० ला तिच्या खिशात निम्म्याहून जास्त ताकद शिल्लक, आणि १०० ला जेमतेम तीन-चार अश्वशक्ती. समोरून वारा आला किंवा हलका चढ लागला की ती चिल्लरही संपते. ‘३५० शंभरला धापा टाकते’ असं लोक म्हणतात ते याचमुळे. गाडीत खोट नाही, गणितच तसं आहे.

आणि कायद्याने १०० धावायचंच कशाला? केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी विभाजित महामार्गावर दुचाकीची कमाल मर्यादा ८० आहे आणि इतर रस्त्यांवर ६०. तेव्हा ‘दिवसभर १२० ने जायचंय म्हणून ६५०’ हे कारण शोरूममध्येच सोडून यावं. ६५० ची खरी किंमत वसूल होते ती ओव्हरटेकला, तीही दुपदरी रस्त्यावर.

निपाणीनंतर नेमका तसा रस्ता लागतो. आजऱ्याकडे जाताना ऊसतोडीचा हंगाम असतो, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर आणि बाहेर फुगलेले ट्रक. समजा समोर ४० ने चाललेली १८ मीटर लांबीची गाडी आहे, आणि पुढे-मागे १५-१५ मीटर अंतर ठेवून ती ओलांडायची आहे. ६० ने ओलांडली तर साडेआठ सेकंद लागतात. समोरून ६० ने येणारी गाडी धरली तर रिकामा रस्ता हवा २९० मीटर. ५० नेच रेंगाळत ओलांडली तर सतरा सेकंद आणि सव्वापाचशे मीटर. या रस्त्यावर अर्धा किलोमीटर सरळ दिसणारी जागा मोजकीच. ४० चे ६० किती लवकर होतात यावर सगळा खेळ आहे. ६५० तिसऱ्यात राहून ते सहज करते. ३५० ला आधी एक गिअर खाली घ्यावा लागतो, आणि तो ट्रकच्या बाहेर तोंड काढायच्या आधी, नंतर नाही. २२० ला थांबायची तयारी ठेवावी. संध्याकाळनंतर हा टप्पा कुठल्याच गाडीने नको. ट्रॉल्यांना मागचे दिवे नसतात.

आता मागच्या माणसाचं. सहा जणांत एका गोष्टीवर एकमत झालं: मागे बसणाऱ्याला सीसी कळत नाही, सीट कळते. क्रूझरमध्ये चालवणाऱ्याची सीट खाली (मेटिऑरची ७६५ मिलिमीटर, सुपर मेटिऑरची ७४०) आणि मागची सीट बहुतेक वेळा मडगार्डवर ठेवलेली पातळ गादी. पाय पुढे ताणलेले असल्यामुळे चालवणाऱ्यालाही गतिरोधकावर पायांवर उठता येत नाही. सगळा दणका माकडहाडावर, दोघांच्याही. त्यात क्रूझरच्या मागच्या शॉकअपला उसळायला जागा कमी. सुपर मेटिऑरला ती १०१ मिलिमीटर आहे. दोघं बसल्यावर त्यातली बरीच आधीच दबते आणि उरलेली एका खड्ड्यात संपते. त्यामुळे मोठी गाडी म्हणजे मागे जास्त आराम, असं समीकरण नाही.

यावर करायचं काय? निघायच्या आदल्या दिवशी शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीपासून किती दाबून ठेवायची ते, वाढवा. गाडीच्या टूलकिटमध्ये वाकडा सी-पाना असतो, त्याने खालची कंगवेदार चकती फिरवायची. दोन्ही बाजूंना खाच सारखीच हवी, मोजून. एकट्याला दुसरी-तिसरी खाच असेल तर डबलसीट सामानासकट शेवटून दुसरी. सगळ्यात शेवटची ठेवली तर मोठा खड्डा पचतो, पण छोटे सगळे पाठीत मोजता येतात. प्रीलोड नाही वाढवला तर आणखी एक गोष्ट होते, मागचा भाग बसतो, नाक वर जातं आणि लोबीम समोरच्याच्या डोळ्यात. समोरून येणारे सारखे डिपर मारायला लागले तर त्यांना शिव्या देण्याआधी मागची खाच बघा.

हवा मागच्या टायरमध्ये एकट्यापेक्षा साधारण ४ पीएसआय जास्त. नेमका आकडा चेनगार्ड किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतो, आणि टायर थंड असताना भरा. पंपावरच्या गेजवर विश्वास नको, तीनशे-चारशे रुपयांचं स्वतःचं गेज ठेवा. चेनचा ताण दोघं बसवून बघा, कारण मागचा भाग दबला की चेन ताणली जाते. स्टँडवर बरोबर वाटणारी घट्ट चेन डबलसीटला गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खाते. दर ५०० किलोमीटरला ल्यूब, म्हणजे या सहलीत एकदा मुक्कामी पोचल्यावर. चेन कोमट असताना, आतल्या बाजूने.

बॅकरेस्ट ही चैन नाही. ती नसेल तर पिकअप घेताना मागचा माणूस सरकतो आणि चालवणाऱ्याच्या जॅकेटला लटकतो. पन्नास किलोमीटरमध्ये दोघांचे खांदे जातात. मेटिऑरच्या सुपरनोव्हा आणि सुपर मेटिऑरच्या सेलेस्टियल प्रकारात ती कंपनीकडूनच विंडस्क्रीनसह येते, सेलेस्टियलला सीटही जाड. ॲव्हेंजर क्रूझलाही पाठ आहे, आणि खरं सांगायचं तर सीटच्या बाबतीत २२० ने या सहलीत कुणाचंच वाईट ऐकून घेतलं नाही. एका बाजूला पाय सोडून बसणं मात्र हायवेवर बंद. ओढणी आणि जॅकेटच्या दोऱ्या आत खोचा, चेन जवळच असते.

थांबे मागच्या माणसाच्या घड्याळाने ठरवा. पहिला तासाभरात, मग दर ७५-८० किलोमीटरला दहा मिनिटं, खाली उतरून चालायचं. पेट्रोलसाठी वेगळं थांबायची गरज २२० आणि ३५० ला फार पडत नाही. डबलसीट, ८० च्या आत, ३५० ला ३०-३२ चं ॲव्हरेज आणि १५ लिटरची टाकी. चारशे किलोमीटर निवांत. ६५० ला २२-२४ धरा, टाकी १५.७ लिटर, म्हणजे तीनशेच्या आत पंप शोधायचा. कोल्हापूर किंवा निपाणीत टाकी भरून घ्या, आजरा-आंबोलीच्या पट्ट्यात पंपांची वाट बघत बसू नका.

आंबोली उतरताना ६५० चा त्रास सुरू होतो. जवळजवळ ४०० किलोचा ऐवज वळणावळणाने खाली आणायचा. मागच्या ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की डिस्क तापते आणि पेडल स्पंजासारखं होतं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनानेच वेग धरायचा, ब्रेक वळणाआधी मारायचे आणि वळणात सोडायचे. डबलसीटमध्ये वजन मागे असल्यामुळे मागचा ब्रेक एकट्यापेक्षा जास्त काम करतो. पुढचा मात्र हळू दाबत न्यायचा, नाहीतर मागचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर ठकाठक आपटत राहतं. शॉकअप दबलेले असल्यामुळे फूटपेग लवकर घासतात. घासल्याचा आवाज आला तर गाडी झटकन सरळ करू नका, वेग आधीच कमी घ्यायला हवा होता एवढंच समजा. पावसाळ्यात इथे धुकं आणि कठड्याकडेला शेवाळ असतं, तेव्हा हे सगळं निम्म्या वेगाने.

सामानाचा एक फटका बसलाच. सायलेन्सरच्या बाजूची रेक्झिनची सॅडलबॅग दोघांच्या वजनाने खाली आली आणि पाइपला चिकटून वितळली. मोकळ्या गाडीवर तीन बोटं अंतर दिसत होतं. ३५० ला सायलेन्सर उजवीकडे एकच, ६५० ला दोन्हीकडे. दोन्हीला लोखंडी सॅडलस्टे (बॅग पाइपपासून लांब धरणारी चौकट) लावूनच बॅग टांगा आणि अंतर दोघं बसवून तपासा. जड वस्तू बॅकरेस्टच्या मागे उंच बांधू नका, पुढचं चाक हलकं होतं आणि ट्रकच्या वाऱ्यात हँडल डुलतं. एकूण वजनाची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. त्यातून गाडीचं वजन वजा केलं की दोघं आणि सामान मिळून किती ते कळतं. धिप्पाड जोडप्याने हे गणित गाडी बुक करण्याआधी करावं.

कुठली घ्यावी, तर आमचं मत सरळ आहे. वर्षाला दोन-तीन लांब सहली आणि बाकी गावात वापर असेल तर ३५०, बॅकरेस्टवाली. दुपदरी घाटरस्ते जास्त असतील, दोघांचं वजन दीडशेच्या पुढे असेल, आणि २४१ किलोची गाडी उतारावर नाक खाली करून लावली असता एकट्याने मागे ढकलता येत असेल, तर ६५०. ही ढकलण्याची परीक्षा शोरूमच्या रॅम्पवरच द्या. गोव्यात मुक्कामाच्या ठिकाणची अंगणं उतरती आणि लाल मातीची असतात, तिथे मागचा माणूस आधी उतरवून गाडी तोंड बाहेर करूनच लावावी लागली. बजेट कमी आणि वेग ७० पुरत असेल तर २२० ला नावं ठेवायचं कारण नाही. खर्चाचं आणखी एक: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आणि ३५० च्या पुढे ४० टक्के आहे, म्हणून या रेषेच्या अलीकडची आणि पलीकडची गाडी यांतलं अंतर आणखी रुंदावलंय.

टेस्ट राइडला मागच्या माणसाला घेऊनच जा, आणि शोरूमभोवतीची एक चक्कर पुरेशी धरू नका. भाड्याने एक दिवस मिळाली तर कात्रजचा जुना घाट चढून या. मग चौपदरी महामार्गावर चौथ्या गिअरमध्ये ६० वरून ८० व्हायला किती सेकंद लागतात ते मागच्याला मोजायला सांगा, आणि तासाभराने त्याला उतरवून पहिलं वाक्य काय येतं ते ऐका.

निघणाऱ्यांसाठी किरकोळ: मुंबईकरांनी द्रुतगती मार्गावर चढू नये, तिथे दुचाकीला बंदी आहे, जुन्या महामार्गाने खंडाळ्यातून या. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी या नाक्यांवर दुचाकीला टोल नाही, डावीकडची कडेची लेन धरा. मागच्यालाही हेल्मेट, आयएसआयवालं. परतीला खंबाटकीचा बोगदा संपताच एस आकाराचं वळण आहे, बोगद्यातच वेग कमी करा. आणि कात्रजचा नवा बोगदा ओलांडल्यावर नवले पुलापर्यंतच्या उतारावर डावीकडे राहा, आरशात बघत राहा. तिथे मागून न्यूट्रलमध्ये सुटलेला ट्रक येऊ शकतो, आणि तो आला तर तुमच्या गाडीचे सीसी किती आहेत याने काहीच फरक पडत नाही.