एप्रिलची किराणा-वही

१ एप्रिल

पगाराचा आणि पेन्शनचा आठवडा, त्यामुळे मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) गर्दी. यादी करताना बहुतेक घरांत आधी रक्कम ठरते. पाच हजारांत बसवायचं, सहात बसवायचं. रक्कम कागदावर बसते, पण सामान पुरत नाही, आणि वीस तारखेला कुणीतरी पिशवी घेऊन पुन्हा दुकानाच्या पायरीवर. खरं तर आधी खप मोजायला हवा. भाव मोंढा ठरवतो. माप तेवढं आपल्या हातात आहे.

चार माणसांच्या घराचा खप काढणं अवघड नाही. एका भाकरीला साधारण ८० ग्रॅम पीठ लागतं. रोजच्या आठ भाकरी धरल्या तर महिन्याला १९ किलो, म्हणजे २० किलो ज्वारी. पोळीला ३५ ग्रॅम. रोज दहा पोळ्यांना महिन्याचा साडेदहा किलो गहू. तांदूळ एकवेळ, माणशी मूठभर, म्हणजे ६ किलो. तूरडाळ रोज १०० ग्रॅम, म्हणजे ३ किलो. मूग, मटकी, मसूर, हरभरा मिळून दोन किलो. शेंगदाणे दीड किलो लिहिले तरी कमीच, कारण आपल्याकडे कूट नसलेली भाजी ताटात परकी वाटते. बेसन एक, पोहे एक, मीठ एक.

हे आकडे दुसऱ्याच्या घराला जसेच्या तसे लागू होत नाहीत. आठवडाभर पीठ आणि डाळ एकाच वाटीने काढायची, ती वाटी एकदा काट्यावर तोलायची आणि सातवरून तीसचा हिशेब करायचा. एवढं केलं की यादी आपोआप खरी होते.

राशनकार्ड असेल तर ते धान्य यादीतून आधी वजा करावं. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला घरटी ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत धान्याऐवजी खात्यावर पैसे येतात; सुरुवात माणशी महिना १५० रुपयांनी झाली. हे पैसे खात्यात पडून इतर खर्चात विरघळतात. किराण्याच्या बाजूला जमा म्हणून लिहिले नाहीत तर मिळूनही न मिळाल्यासारखे.

५ एप्रिल

तेल. बजेट सर्वांत जास्त इथंच सांडतं, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, लिटर आणि किलो. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे ‘१५ लिटर’चा डबा प्रत्यक्षात साडेतेरा किलोच्या आसपास आणि ‘१५ किलो’चा डबा पूर्ण पंधरा. दोन्ही डबे शेजारी ठेवले तर नजरेला फरक कळत नाही. किलोला १५० रुपये धरले तर फरक दोनशे रुपयांचा. डब्यावर निव्वळ वजन कशात लिहिलंय ते वाचल्याशिवाय दोन दुकानांच्या भावांची तुलनाच करू नये. पाकिटांचंही तेच. लिटरभर दिसणाऱ्या पाकिटात ८५० ग्रॅमही असतं.

दुसरी गोष्ट, डबा स्वस्त पडतो पण हात सैल होतो. पाकीट फोडताना जी काटकसर सुचते ती डबा भरलेला असताना सुचत नाही. चौघांना महिन्याला तीन लिटर धरलं तर आठवड्याला ७०० मिली. तेवढंच तेल स्वयंपाकघरातल्या बाटलीत ओतायचं, डबा मागच्या खोलीत ठेवायचा. बाटली पाचव्या दिवशीच रिकामी झाली तर त्या आठवड्यात काय तळलं ते लगेच आठवतं. महिनाअखेरीला आठवत नसतं.

तिसरी, साठवण. फोडलेला डबा ऊन आणि गॅसच्या उष्णतेपासून लांब, झाकण घट्ट. करडईचं तेल लवकर खवट होतं, त्यामुळे घाण्यावरून आणायचं तर महिन्यापुरतंच. महाग असलं तरी त्याची जागा चटणीवर, ठेच्यावर, भाकरीबरोबरच्या कच्च्या तेलाला. तळणीत घालून ते वाया घालवू नये. तळणीचं तेल गाळून एकदा फोडणीला वापरावं, पण पुन्हा पुन्हा तापवून काळं पडलेलं तेल वाचवण्यात बचत नाही.

९ एप्रिल

पाकीट की सुटं? १८ जुलै २०२२ पासून छापील पाकिटातल्या डाळ-तांदूळ-पिठावर ५ टक्के जीएसटी लागला, तो २५ किलोपर्यंतच्या पाकिटांना. सुट्या मालाला नाही. तांदळाच्या २६ किलोच्या गोण्या दिसतात त्या यामुळेच. पण सुटं म्हणजे स्वस्तच असंही नाही. खडे, चुरा, ओल, सगळं त्याच भावात तोललं जातं. डाळ मुठीत घेऊन सोडावी. तळहाताला भुकटी चिकटली तर डाळ जुनी, नाहीतर किडीची सुरुवात. फारच चकाकत असेल तर तेल-पॉलिश.

२०२२ नंतर कंपन्यांना ठरावीक वजनाची पाकिटं करण्याचं बंधन उरलं नाही. किंमत तीच ठेवून आतलं वजन कमी करता येतं. त्या बदल्यात पाकिटावर ग्रॅमचा, किलोचा किंवा लिटरचा भाव छापलेला असतो, बारीक अक्षरात, एमआरपीच्या आसपास. तुलना त्याच आकड्यांची करायची. मोठं पाकीट दर वेळी स्वस्त पडतंच असं नाही.

लेकरांची दहा रुपयांची पाकिटं. आत २० ग्रॅम असेल तर भाव किलोला ५०० रुपये. त्या भावात शेंगदाणे, फुटाणे आणि गूळ आणून वर पैसे उरतात. लेकरं ऐकत नाहीत हे खरं, पण दुपारच्या भुकेवर सुशीला (फोडणीचे मुरमुरे) आहे ना. पाव किलो मुरमुरे भिजवून घट्ट पिळायचे, कांदा-मिरची-शेंगदाण्याची फोडणी, वरून डाळ्याचं पीठ. चौघं पोटभर खातात. मुरमुरे पाण्यात जास्त वेळ राहिले की लगदा होतो, बुडवले की लगेच काढायचे.

१२ एप्रिल, बाजारचा दिवस

एप्रिल-मेमध्ये पालेभाजी महागते आणि दुपारपर्यंत माना टाकते. संध्याकाळी उतरलेल्या भावात घेतली तर रात्रीच निवडून शिजवावी लागते. जानेवारीत मेथी स्वस्त असताना सावलीत वाळवून ठेवली असेल, गवार, वांग्याच्या फोडी, सांडगे असतील, तर हे दोन महिने निभतात. नसेल तर आता उपाय नाही, यंदा कडधान्यं वाढवावीत. काटा शून्यावर आहे का ते माल ठेवायच्या आधी पाहावं.

१५ एप्रिल

चहाचा हिशेब कुणी करत नाही. दहा कप रोज, येणारा-जाणारा धरून. कपाला ५० मिली दूध, १० ग्रॅम साखर, अडीच ग्रॅम पत्ती. महिन्याला दूध १५ लिटर, साखर ३ किलो, पत्ती ७५० ग्रॅम. दूध ६०, साखर ४५ आणि पत्ती किलोला ५०० धरली तर ९०० अधिक १३५ अधिक ३७५, एकूण १,४१० रुपये, गॅस वेगळा. साखर दहावरून सात ग्रॅमवर आणली तर महिन्याला ९०० ग्रॅम वाचते, चाळीसेक रुपये. तब्येतीला चांगलं, पण खर्च खरा दुधात आहे. पाहुण्याला चहा नको म्हणणं आपल्याला जमायचं नाही, ते सोडून द्यावं. घरातला दुपारचा जादा कप मात्र विचार करण्यासारखा.

महिन्याच्या मधल्या फेऱ्यांचंही असंच. साबण आणायला गेलेला माणूस साबणच घेऊन येत नाही. मोबाईलवरून पैसे गेले की हातातून गेल्यासारखे वाटत नाहीत. भाजी-दूध आणि सुट्या सामानाचे पैसे आठवड्याला रोख काढून एका डब्यात ठेवले की डबाच बोलतो.

१९ एप्रिल

सालाचं धान्य भरायचा हाच मोसम. रब्बीची ज्वारी आणि नवा गहू मोंढ्यात आलाय, वसमतची हळद उतरलीय, मिरचीही आत्ताच. वर्षाचे हे चार-पाच जिन्नस एप्रिलच्या पगारात बसत नाहीत आणि मग ‘बजेट कोसळलं’ असं वाटतं. ते मासिक खर्चात धरायचेच नाहीत. वर्षाची रक्कम काढून बाराने भागायची आणि मेपासून दरमहा बाजूला टाकायची. महालक्ष्म्या, दिवाळी, येळवस (वेळ अमावास्या) यांचंही ह्याच खात्यात. येळवशीच्या भज्जी-आंबिलीला लागणारं सामान आदल्या आठवड्यात घेतलं की चढा भाव द्यावा लागतो.

ज्वारी घेताना दाणा दातांखाली फोडायचा. कट्‌कन आवाज आला तर वाळलेली, दबला तर ओली. ओली ज्वारी आज वजनात महाग आणि श्रावणात किडीत महाग. मालदांडीचा दाणा मोत्यासारखा, गोलसर. पावसात सापडलेल्या खरीप ज्वारीवर काळसर डाग असतात, भाकरीही तशीच होते. चाळलेली आहे का विचारावं. ४० रुपये किलोच्या क्विंटलात चार किलो कचरा निघाला तर खरा भाव ४१ रुपये ६७ पैसे.

कोठीत भरण्याआधी दोन कडक उन्हं, आणि रात्रभर निवू द्यायची. तापलेलं धान्य तसंच भरलं की आत घाम येतो, तळाला बुरशी धरते आणि दोष व्यापाऱ्याला मिळतो. कडुलिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवून थराथरात घालावा; ओला पाला घातला तर आपणच ओल भरली. कोठी काठोकाठ भरावी, फळीवर ठेवावी, भिंतीपासून हातभर लांब. जुनं धान्य नव्यात मिसळू नये, जुनी पोतीही उकळत्या पाण्यातून काढून वाळवल्याशिवाय वापरू नयेत. डाळीला किलोमागे चमचाभर एरंडेल चोळतात, ते चांगलं. बोरिक पावडर नको, ती खायची वस्तू नाही. आणि ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या त्या गोळ्या राहत्या घरात कदापि नकोत. त्यातून फॉस्फीन वायू निघतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं दगावतात.

ज्वारी एकदम वर्षाची भरावी का? २४० किलो ठेवायला जागा, कोठी आणि लक्ष तिन्ही असेल तरच. नाहीतर दिवाळीपर्यंतची भरावी. दळण मात्र पाच किलोचंच आणावं, कारण आठ-दहा दिवसांनी पिठाची विरी (चिकटपणा) जाते, भाकरी थापताना चिरते आणि पाणी उकळून पीठ मळायची वेळ येते.

तुरीचं गणित वेगळं. घरची किंवा गावातून तूर मिळत असेल तर डाळ करून आणणं परवडतं का? क्विंटल तुरीची साधारण ७० ते ७२ किलो डाळ पडते. २०२५-२६ चा हमीभाव ८,००० रुपये. त्या भावाने ८० भागिले ०.७२, म्हणजे डाळ १११ रुपये किलो, वर भरडाई आणि वाहतूक. चुनी जनावराला जाते, तिचे पैसे वजा. बाजारातली डाळ याहून बरीच वर असेल तर करून आणावी; दहा रुपयांच्या फरकासाठी लातूरच्या मिलवाल्यांशी बरोबरी करण्यात अर्थ नाही.

२४ एप्रिल

महिन्याचं बजेट ही मुळात नोकरदाराची सोय. ज्यांचा पैसा सोयाबीन निघाल्यावर आणि तूर-कापूस विकल्यावर येतो, त्यांना महिना कुठून दिसणार? अशा घरी दिवाळीत आणि होळीच्या आसपास दोनदा मोठा किराणा भरून मधल्या काळात फक्त तेल, साखर, चहा घ्यावा. बीडकडची ऊसतोडीला जाणारी घरं उचलीतून (आगाऊ मिळालेल्या मजुरीतून) फडावरचं धान्य आधी भरून घेतात, ते याच हिशेबाने.

उधारी लागतेच. पण वही दोन हव्यात, एक दुकानात, एक घरी, आणि दोन्हीत वस्तू, वजन व भाव त्याच दिवशी लिहिलेला. नुसती रक्कम लिहिली की चार महिन्यांनी भाव कोणता होता हे सांगायला कुणीच नसतं. उधारीत किलोमागे दोन-पाच रुपये जास्त लागतात. ते व्याजच आहे, दुकानदार वाईट असं नाही. ज्या वस्तूत फरक जास्त तेवढ्या तरी रोखीने घ्याव्यात.

२७ एप्रिल

शेवटच्या चार दिवसांत भाजी नसते आणि दुकानात जायचं नसतं. तिथं येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचं मसाला घातलेलं पीठ) कामाला येतो. चौघांना चार-पाच चमचे येसर गार पाण्यात कालवून मग लिटरभर उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायचा. कोरडा टाकला तर गुठळ्या होतात आणि शेवटपर्यंत मोडत नाहीत. डाळ वाचते, भाकरी कुस्करून जेवण होतं. नाहीतर चकोल्या (वरणफळं), पिठलं, हुलग्याचे शेंगोळे. यांची यादी फ्रिजवर चिकटवलेली असली की ‘काय करायचं’ म्हणून होणारी फेरी टळते.

३० एप्रिल

डबे तोलायचा दिवस. उरलेलं लिहायचं, ते पुढच्या यादीतून वजा. संपलेलं कोणत्या तारखेला संपलं तेही समोर टाकायचं. दोन महिन्यांच्या अशा तारखा हाताशी आल्या की माप नीट बसतं. मे महिन्यात लेकरांना सुट्ट्या, पाहुणे आणि आमरस. साखर एक किलो जास्त, पत्ती पाव किलो जास्त, गहू तीन किलो वाढवावा, ज्वारी तेवढी कमी. मीठ आणि पोहे शिल्लक आहेत, ते यादीत नाहीत.