सेल्फ टकटकतो, पण इंजिन फिरत नाही: माझ्या ट्राइकच्या दुरुस्तीचा अनुभव

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दुचाकीचा भार पायावर तोलणे मला जमेनासे झाले, तेव्हा मी माझ्याच मोटारसायकलला मागे दोन चाकांचा एक्सल बसवून घेतला आणि तिची ट्राइक झाली. माझे बाहेर जाणे-येणे तेव्हापासून याच गाडीवर अवलंबून आहे. त्यामुळे एका सकाळी सेल्फचे बटण दाबल्यावर इंजिन न फिरता नुसते ‘टकटकटक’ वाजू लागले आणि हेडलाइट मंदावला, तेव्हा मला खरोखर धास्ती वाटली. दुचाकी बंद पडली तर चार पावले ढकलून सुरू करता येते. ट्राइकचे वजन एकट्या माणसाला रेटवत नाही आणि माझ्या गुडघ्याला तर ते मुळीच झेपले नसते.

सेल्फचा रिले, म्हणजे बटण दाबल्यावर सेल्फला बॅटरीची वीज जोडून देणारा स्विच, असा टकटकला की बॅटरी उतरली, असे सर्रास समजले जाते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. मीही आधी तेच समजले. बॅटरी रात्रभर चार्जरला लावली, सकाळी मल्टिमीटरने मोजली तर 12.7 व्होल्ट आले, म्हणजे ती पूर्ण भरलेली होती. बटण दाबले आणि पुन्हा तेच टकटकणे ऐकू आले. नवी बॅटरी आणायचे त्याच क्षणी मनात आले होते, पण नुसती उभी असताना बॅटरी जे व्होल्ट दाखवते त्यावरून तिची ताकद कळत नाही, आणि ती खराब आहे असा पुरावाही माझ्याजवळ नव्हता. बॅटरीची खरी परीक्षा तिच्यावर भार पडतो तेव्हाच होते.

पुढच्या कामाआधी मी हँडब्रेक लावला, तिन्ही चाकांना अडण्या लावल्या आणि गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री केली, कारण तपासणीच्या मध्येच इंजिन फिरले तर गाडीने जागचे हलता कामा नये. मग मल्टिमीटरच्या दोन्ही पिना थेट बॅटरीच्या खुंट्यांवर धरल्या आणि घरातल्याच एकाला बटण दाबायला सांगितले. बॅटरी दुबळी असेल तर या क्षणी आकडा 10 च्या बराच खाली कोसळतो. माझ्या बॅटरीचा आकडा 11.5 च्या खाली गेला नाही. बॅटरी ठणठणीत होती. तिची वीज सेल्फपर्यंत पोहोचतच नव्हती.

यानंतरची तपासणी मी सर्वांत महत्त्वाची मानते. एक पिन बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून पुन्हा बटण दाबायला सांगितले. हे दोन्ही बिंदू जाड तारेने एकमेकांना जोडलेले असतात, असे गृहीत आहे. म्हणून त्यांच्यातला फरक जवळजवळ शून्य यायला हवा, सेल्फ फिरतानाही तो फार तर अर्ध्या व्होल्टच्या आत राहावा. माझ्या मल्टिमीटरवर आकडा 4 आणि 6 यांच्यामध्ये नाचत होता. बॅटरीचे निम्मे बळ अर्थच्या, म्हणजे इंजिनकडून बॅटरीच्या ऋण खुंटीकडे वीज परतण्याच्या, वाटेवरच कुठेतरी जिरत होते. धन बाजूची जाड तार अशीच तपासली, तिथे काही दोष निघाला नाही.

इथे थोडा हिशेब मांडते, कारण हेडलाइट नीट लागतो म्हणजे अर्थ चांगला आहे, असा समज मलाही होता. समजा, अर्थच्या जोडात 0.05 ओहमचा अडथळा आहे. 60 वॅटच्या दिव्याला 5 अँपिअर लागतात, त्यामुळे त्या जोडात फक्त पाव व्होल्ट वाया जातो आणि दिवा उजळच दिसतो. सेल्फला सुरुवातीला 100 अँपिअर लागले, तर त्याच जोडात 5 व्होल्ट खर्ची पडतात. मग उरलेल्या विजेवर रिलेही धड ओढून धरला जात नाही. तो चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो आणि ते टकटकणे ऐकू येते. इतका लहान अडथळा साध्या मल्टिमीटरच्या ओहमच्या खुणेवर भरवशाने मोजताही येत नाही, म्हणूनच भाराखाली व्होल्टचा फरक मोजावा लागतो.

दोष सापडला तो ट्राइक करताना बदललेल्या भागात. मूळ गाडीत बॅटरीची ऋण तार थेट इंजिनला जात होती. मागचा एक्सल बसवताना बॅटरी मागच्या पेटीत सरकवली गेली आणि ऋण तार नव्या मागच्या चौकटीला बोल्टने जोडली गेली. म्हणजे सेल्फची सारी वीज त्या चौकटीतून, तिला मूळ चेसिसशी जोडणाऱ्या बोल्टांमधून इंजिनपर्यंत येत होती. मी आधी बॅटरीची ऋण तार सोडवली आणि मग तो बोल्ट उघडला. तारेच्या टोकाचे थिंबल, म्हणजे बोल्टमध्ये अडकवायचे धातूचे कडे, उचलल्यावर त्याखाली चौकटीचा काळा रंग तसाच गुळगुळीत दिसला; फक्त बोल्टच्या आट्यांभोवती नखाएवढी धातूची कड उघडी होती आणि तीही गंजून तपकिरी झाली होती. इतके दिवस सगळी वीज त्या एवढ्याशा कडेवरून जात होती.

तो रंग पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत केला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि वरून व्हॅसलीनचा पातळ थर दिला. एवढ्यावर मात्र मी थांबले नाही. सेल्फच्या धन तारेइतक्याच जाडीची एक नवी तार बॅटरीच्या ऋण खुंटीपासून थेट इंजिनच्या बोल्टपर्यंत टाकली, कारण दोन चौकटींमधल्या सांध्यावर सेल्फचा भार सोपवणे मला पटत नाही. शेवटी ऋण तार पुन्हा जोडून बटण दाबले आणि दोन-तीन फेऱ्यांतच इंजिन सुरू झाले. तो आवाज ऐकून झालेला आनंद मी विसरणार नाही.

तो आनंद पहिला गिअर टाकेपर्यंतच टिकला. क्लच पूर्ण दाबलेला असतानाही गिअर पडताच इंजिन झटकन बंद पडले. न्यूट्रलमध्ये ते पुन्हा सुरू झाले, गिअर टाकताच पुन्हा गप्प झाले. तेव्हा आठवले की काही दिवसांपूर्वीही असे एकदा झाले होते आणि क्लच नीट दाबला गेला नसेल असे समजून मी ते सोडून दिले होते. न्यूट्रलमध्ये चालणारे आणि गिअरमध्ये मरणारे इंजिन साइड स्टँडच्या स्विचकडे बोट दाखवते: स्टँड खाली असताना गाडी गिअरमध्ये टाकली तर ठिणगी तोडायची, हे त्या स्विचचे काम.

माझ्या ट्राइकला साइड स्टँड उरलेलाच नाही. तो काढला, तरी त्याचे सर्किट वायरिंगमध्ये राहतेच, आणि स्टँड वर आहे असे गाडीला वाटावे म्हणून स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडून ठेवल्या होत्या. इंजिनच्या डाव्या बाजूला खाली, चाकाचे पाणी उडते नेमक्या त्या ठिकाणी टेपचे भेंडोळे सापडले. टेप सोडवली तर आत नुसता पीळ दिलेला होता, डाख नव्हता. तांबे हिरवट भुकटीने झाकले होते आणि बोटाने हलवताच एक तार तुटून हातात आली. खराब तुकडा कापून तारा डाख देऊन जोडल्या, त्यावर हीट श्रिंकची नळी आवळली आणि तो सांधा उंच, कोरड्या जागी बांधला. सर्वच गाड्यांत नुसत्या दोन तारा जोडून भागत नाही, काहींत तीन तारांचा स्विच असतो, म्हणून त्या गाडीचा वायरिंगचा नकाशा पाहूनच याला हात घालावा. ज्या दुचाकीला स्टँड आहे तिच्यात तर हा स्विच कधीही निकामी करू नये. स्टँड खाली राहून वळणावर रस्त्याला टेकला तर चालवणारा पडतो.

गिअर टाकल्यावर इंजिन चालू राहिले. गाडी फिरवून आणल्यावर, इंजिन गरम असतानाच, मी मल्टिमीटरच्या पिना पुन्हा ऋण खुंटीवर आणि इंजिनवर ठेवून सेल्फ मारायला सांगितला. आकडा 0.2 व्होल्ट आला आणि बोल्टाशेजारी रंगाच्या पेनने त्या दिवसाची तारीख लिहून मी पेटीचे झाकण लावले.